काउंटीच्या नकाशावर रेषा कोण आखतं? वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

मागच्या अंकात, दर दहा वर्षांनी होणाऱ्या सेन्ससनंतर (जनगणनेनंतर) अमेरिकेत काउंटी बोर्डाच्या, म्हणजे राज्याखालचं स्थानिक सरकार चालवणाऱ्या निवडून आलेल्या मंडळाच्या, डिस्ट्रिक्टच्या (मतदारसंघांच्या) सीमा परत कशा आखतात त्याबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या आणि प्रश्न असतील तर पाठवा म्हटलं होतं. एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. बहुतेकांचा सूर एकच, की प्रेसिडेंट, गव्हर्नर, सिनेटर हे कळतं पण काउंटीचं आम्हाला काही कळत नाही आणि कोणी सांगत पण नाही. आता बघा, घराच्या प्रॉपर्टी टॅक्सचा एक हिस्सा, शेरीफचं बजेट, तुरुंग, पब्लिक हेल्थ, बऱ्याच ठिकाणी लायब्ररी आणि पार्क, आणि शहराच्या हद्दीबाहेर राहत असाल तर घरासमोरचा रस्ता सुद्धा, हे सगळं बोर्डावरच्या मोजक्या लोकांच्या हातात असतं. म्हणून ह्या वेळचं सदर पूर्ण ह्याच विषयाला दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं छापलेली नाहीत, फक्त गावं.

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही कॉलिन काउंटीत राहतो. २०२० च्या सेन्ससनंतर जे नवीन व्होटर कार्ड आलं त्यावर कमिशनर प्रीसिंक्टचा आकडाच वेगळा. मिस्टरांना वाटलं छापायची चूक, पण ऑफिसला फोन केला तर म्हणाले बरोबर आहे, रिडिस्ट्रिक्टिंग झालंय, म्हणजे सीमा परत आखल्यात. आम्ही घर बदललं नाही, मग रेष का बदलली? — फ्रिस्को, टेक्सस

तुम्ही हलला नाहीत पण तुमच्या आजूबाजूला लाखो लोक येऊन राहिले ना. २०१० च्या सेन्ससमध्ये कॉलिन काउंटीत ७,८२,३४१ लोक होते आणि २०२० मध्ये १०,६४,४६५. टेक्ससमध्ये काउंटीचा कारभार कमिशनर्स कोर्ट बघतं (नाव कोर्ट, पण हे तिथलं काउंटी बोर्डच), त्यात एक काउंटी जज असतो जो सगळ्या काउंटीतून निवडून येतो, आणि चार कमिशनर, प्रत्येक जण आपापल्या प्रीसिंक्टमधून. आता चाराने भागा. २०१० ला एका प्रीसिंक्टच्या वाट्याला साधारण १,९५,५८५ माणसं यायला हवी होती, २०२० ला २,६६,११६. पण माणसं काही चारी बाजूंना सारखी येत नाहीत, जिथे नवीन सबडिव्हिजन उठल्या तिकडचा प्रीसिंक्ट फुगतो आणि जुन्या वस्तीतला मागे पडतो, मग फुगलेल्यातून थोडा भाग कापून शेजाऱ्याला द्यावा लागतो. त्या कापलेल्या भागात तुमचं घर आलं, एवढंच.

हे करणं काउंटीच्या मर्जीवर सोडलेलं नाही, आणि ह्याच्या मागची केस टेक्ससचीच आहे म्हणून जरा सविस्तर सांगते. १९६० च्या दशकात मिडलँड काउंटीचे चार प्रीसिंक्ट होते. एकात, म्हणजे मिडलँड शहराच्या भागात, ६७,९०६ लोक. बाकीच्या तीन ग्रामीण प्रीसिंक्टमध्ये ८५२, ४१४ आणि ८२८. परत वाचा हवं तर. तिघांचे मिळून २,१०० सुद्धा होत नाहीत, पण कमिशनर तिकडून तीन आणि सत्तर हजारांच्या शहरातून एक. रस्त्याचे पैसे कुठे जातील हे कोण ठरवणार ते सांगायला नको. सुप्रीम कोर्टाने १९६४ मध्येच सांगितलं होतं की राज्याच्या विधिमंडळाचे मतदारसंघ लोकसंख्येने सारखे पाहिजेत, पण काउंट्या म्हणायच्या की आम्ही छोटं स्थानिक सरकार, आम्हाला ते लागू नाही. १९६८ मध्ये एव्हरी विरुद्ध मिडलँड काउंटी ह्या केसमध्ये कोर्टाने ते म्हणणं फेटाळलं आणि तेव्हापासून देशातल्या ज्या ज्या काउंटीत डिस्ट्रिक्टवार निवडणूक होते तिथे ही समानता पाळावी लागते.

अगदी माणूस-माणूस मोजून समान लागत नाही. स्थानिक सरकारांसाठी कोर्टं साधारण १० टक्क्यांपर्यंतचा फरक चालवून घेतात. तो मोजायचा असा की सगळ्यात मोठा डिस्ट्रिक्ट सरासरीच्या ४ टक्के वर असेल आणि सगळ्यात छोटा ५ टक्के खाली, तर एकूण फरक ९ टक्के. पण १० च्या आत बसलं म्हणजे कोणी बोलूच शकत नाही असं समजू नका, मुद्दाम एकाच बाजूच्या वस्त्या गच्च भरल्या आणि दुसरीकडच्या हलक्या ठेवल्या तर १० टक्क्यांच्या आतला नकाशा सुद्धा कोर्टात पडू शकतो.

प्रश्न : सुपरवायझर डिस्ट्रिक्ट बदलला तर मुलांची शाळा बदलते का? आणि टॅक्स? आमच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर खूप घबराट झाली होती. — ॲशबर्न, व्हर्जिनिया

नाही, दोन्ही नाही. (काही राज्यांत काउंटी बोर्डाच्या मेंबरला सुपरवायझर म्हणतात.) कोणत्या घरातली मुलं कोणत्या शाळेत जाणार ते स्कूल बोर्ड वेगळं ठरवतं, त्यांच्या अटेंडन्स झोनच्या मीटिंगा वेगळ्या असतात. टॅक्सचा दर पण डिस्ट्रिक्टप्रमाणे नसतो, काउंटीचा दर सगळ्यांना एकच. फक्त एक गोष्ट तुमच्या लाउडन काउंटीत लक्षात ठेवण्यासारखी आहे. तिथे स्कूल बोर्डाचे मेंबर त्याच आठ डिस्ट्रिक्टमधून निवडले जातात जिथून सुपरवायझर येतात, आणि दोन्हीकडे एकेक जागा सगळ्या काउंटीतून. म्हणजे रेष हलली की शाळा तीच राहते पण शाळेबद्दल तक्रार घेऊन कोणाकडे जायचं तो माणूस बदलू शकतो. लाउडनची लोकसंख्या दहा वर्षांत ३,१२,३११ वरून ४,२०,९५९ झाली, तेव्हा रेषा हलणारच होत्या. ग्रुपवर हे टाका.

प्रश्न : मी एच-वन-बी वर आहे, ग्रीन कार्डच्या रांगेत. मत देता येत नाही मग हा विषय माझा आहे का असा प्रश्न पडतो. २०२० मध्ये सेन्ससचा फॉर्म मात्र भरला होता. मित्र म्हणतो नकाशाच्या हिअरिंगला (जाहीर सुनावणीला) जाऊ नकोस, उगाच लफडं नको. — सनीवेल, कॅलिफोर्निया

ह्या प्रश्नावर मला सगळ्यात जास्त लिहायचंय कारण अशी पत्रं सगळ्यात जास्त आली, आणि प्रत्येकात तोच संकोच.

पहिली गोष्ट, तुम्ही मोजले गेलात. सेन्सस माणूस मोजतो, त्याचा पासपोर्ट बघत नाही. १ एप्रिलला तुम्ही जिथे नेहमी राहता तिथे तुमची नोंद, मग तुम्ही सिटिझन असा, वर्क व्हिसावर असा नाहीतर विद्यार्थी म्हणून आलेले असा. (सुट्टीत भेटायला आलेले आई-बाबा ह्यात येत नाहीत, ते इथे राहत नाहीत.) २०२० च्या फॉर्मवर नागरिकत्वाचा प्रश्न घालायचा प्रयत्न झाला होता, २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टात तो अडला आणि तो प्रश्न फॉर्मवर आलाच नाही.

दुसरी गोष्ट, डिस्ट्रिक्ट समान करताना तुम्हाला धरतात. टेक्ससमधल्या काही मतदारांनी केस केली होती की फक्त मत देऊ शकणाऱ्यांची संख्या धरा, बाकीचे वगळा. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की राज्याने एकूण लोकसंख्या धरली तर त्यात काही चूक नाही. त्याच्या आधी, १९९० मध्ये, लॉस एंजेलिस काउंटीच्या केसमध्ये फेडरल अपील कोर्टात हाच मुद्दा आला होता. तिथल्या बोर्डाने १९८१ मध्ये रेषा अशा आखल्या होत्या की लॅटिनो वस्ती वेगवेगळ्या डिस्ट्रिक्टमध्ये फोडली जाईल, आणि कोर्टाला दिसलं की हे जाणूनबुजून केलंय. नवीन रेषा आखायला लावल्या आणि १९९१ मध्ये ग्लोरिया मोलिना निवडून आल्या, त्या बोर्डावरच्या पहिल्या लॅटिना सुपरवायझर. त्या निकालात कोर्टाने हेही म्हटलं की सुपरवायझर मत न देऊ शकणाऱ्यांचं पण काम करतो, त्यांनाही त्याच्यापर्यंत पोचता आलं पाहिजे. तुमचा प्रश्न सुटला ना? टॅक्स तुम्ही भरता, रस्ता तुम्ही वापरता, मुलं तुमची लायब्ररीत जातात, तर सुपरवायझर तुमचाही आहे.

तिसरी गोष्ट हिअरिंगची. पब्लिक हिअरिंगमध्ये बोलायला सिटिझन असावं लागत नाही. कॅलिफोर्नियात २०१९ च्या फेअर मॅप्स कायद्याने काउंट्यांवर कमीत कमी चार हिअरिंग घ्यायचं बंधन घातलं, त्यातलं एक तरी ड्राफ्ट मॅप काढायच्या आधी, आणि एक तरी शनिवार-रविवारी किंवा संध्याकाळी सहानंतर, म्हणजे नोकरी करणाऱ्यांना येता यावं. व्हिसाचा आणि ह्याचा संबंध नाही, तुम्ही एका खुल्या सरकारी सभेत दोन मिनिटं आपल्या वस्तीबद्दल सांगताय. तुमच्या मित्राची काळजी मला कळते, आजकाल लोक घाबरून असतात, आणि समोर उभं राहून बोलायचं नसेल तर लेखी पाठवा, ते पण रेकॉर्डवर जातं.

आणि आता बोलायचं काय, इथे आपले लोक बहुतेक चुकतात. मी २०२१ च्या बऱ्याच हिअरिंग ऑनलाइन बघितल्या. लोक येतात आणि म्हणतात आमचा समाज खूप मोठा आहे, आम्ही मेहनती आहोत, आमच्यावर अन्याय करू नका. मॅप काढणारा माणूस ऐकून घेतो पण त्याला पेन कुठे ठेवायचं ते कळत नाही. त्याला रस्त्यांची नावं हवी असतात. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात कम्युनिटी ऑफ इंटरेस्ट म्हणून एक कल्पना आहे, ज्या लोकांचे सामाजिक किंवा आर्थिक हितसंबंध सारखे आहेत त्यांना शक्यतो एका डिस्ट्रिक्टमध्ये ठेवायचं, आणि त्यात स्पष्ट लिहिलंय की पक्षाशी किंवा उमेदवाराशी असलेलं नातं हे त्यात धरायचं नाही. म्हणून पक्षाचं नाव काढूच नका. नुसतं आम्ही सगळे भारतीय आहोत म्हणून एकत्र ठेवा एवढंच पण म्हणू नका, कारण फक्त वंशाच्या आधारावर आखलेली रेष १९९३ पासून सुप्रीम कोर्टात अडचणीत येते. सांगायचं असं :

"माझी वस्ती उत्तरेला अमुक रस्ता, दक्षिणेला तमुक एक्सप्रेसवे, पश्चिमेला ओढा, एवढ्या भागात आहे. आम्ही बहुतेक भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहतो, एकच बस लाइन वापरतो, आमची मुलं त्या एकाच एलिमेंटरी शाळेत जातात, आणि आमच्याबरोबर राहणारे म्हातारे आई-वडील ज्या सीनियर सेंटरला जातात ते रेषेच्या पलीकडे गेलंय. बस आणि सेंटर दोन्ही काउंटीच्या पैशावर चालतात तर आमच्यासाठी एकच सुपरवायझर जबाबदार असावा."

बघा, ह्यात सीमा आहेत, गरज आहे आणि ती गरज काउंटीच्या कामाशी जोडलेली आहे. असं पाच घरांनी वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं तर एकाच मजकुराच्या शंभर कॉपी-पेस्ट ईमेलपेक्षा त्याचं वजन जास्त पडतं.

प्रश्न : आमच्याकडे काउंटीचा डिस्ट्रिक्टच नाहीये! मी शोधलं, सापडला नाही. — एडिसन, न्यू जर्सी

नाहीच आहे, बरोबर शोधलंत. मिडलसेक्स काउंटीचे सातही कमिशनर सगळ्या काउंटीतून निवडून येतात, ह्याला ॲट-लार्ज म्हणतात. जुन्या लोकांना फ्रीहोल्डर आठवत असतील, २०२१ च्या सुरुवातीपासून त्यांनाच कमिशनर म्हणायला लागले. न्यू जर्सीच्या बहुतेक काउंट्यांत हीच पद्धत आहे. एसेक्समध्ये मात्र नऊपैकी पाच डिस्ट्रिक्टमधून आणि चार ॲट-लार्ज, आणि हडसनमध्ये नऊच्या नऊ डिस्ट्रिक्टमधून येतात.

ॲट-लार्जचा एक फायदा म्हणजे रेषांची भानगडच नाही, कोणी तुमची वस्ती कापू शकत नाही. पण माझं मत विचाराल तर मोठ्या काउंटीला ही पद्धत बरी नाही. काउंटीभर ५१ टक्के मतं ज्यांच्याकडे ते सातही जागा घेऊ शकतात, आणि एखाद्या कोपऱ्यातल्या दाट वस्तीला, मग ती कोणाचीही असो, स्वतःचा असा एकही माणूस मिळत नाही. खड्ड्यासाठी फोन करायचा तर सातांपैकी कोणाला? सातही जण म्हणणार आम्ही सगळ्या काउंटीचे. बदलायचं असेल तर न्यू जर्सीत १९७२ चा काउंटी चार्टरचा कायदा आहे, त्याखाली लोकांच्या मतदानाने काउंटीच्या सरकारचा आकार बदलता येतो. सोपं नाही, सह्या गोळा करणं, अभ्यास समिती, मग मतदान, वर्षं जातात. पण एसेक्स आणि हडसन त्याच कायद्याखाली चालतात तेव्हा अशक्य पण नाही.

प्रश्न : सेन्सस दहा वर्षांनी होतो असं तुम्ही लिहिलंत, मग आमच्याकडे २०२५ मध्येच मॅप कसा बदलला? टीव्हीवर टेक्सस आणि कॅलिफोर्नियाचं जे चाललं होतं तेच का हे? — टॅरंट काउंटी, टेक्सस

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टीव्हीवर होतं ते काँग्रेसच्या, म्हणजे देशाच्या संसदेच्या, जागांचं. टेक्ससने २०२५ च्या ऑगस्टमध्ये काँग्रेसचा नकाशा मध्येच बदलला आणि त्याला उत्तर म्हणून कॅलिफोर्नियात नोव्हेंबरमध्ये मतदारांनी तिथला काँग्रेसचा नकाशा बदलणारं प्रपोझिशन ५० पास केलं. तुमच्या टॅरंट काउंटीचं त्याच्या आधीच झालं होतं, ३ जून २०२५ ला कमिशनर्स कोर्टाने ३ विरुद्ध २ मतांनी स्वतःच्या प्रीसिंक्टचा नवीन नकाशा पास केला.

असं करता येतं का, तर हो. सेन्सस आला आणि डिस्ट्रिक्ट असमान झाले तर बदलायलाच लागतात, पण मधल्या काळात बदलू नये असा नियम टेक्ससमध्ये नाही. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात काउंटीच्या रेषांना तसं बंधन आहे, एकदा नकाशा पास झाला की कोर्टाचा आदेश वगैरे ठरावीक कारणांशिवाय पुढच्या सेन्ससपर्यंत परत हात लावता येत नाही, आणि मला वाटतं ते सगळीकडे असायला पाहिजे.

कारण मध्येच बदलल्यावर सामान्य माणसाचं जे नुकसान होतं ते पक्षाच्या बातम्यांमध्ये हरवून जातं, ते नीट समजून घ्या. टेक्ससमध्ये कमिशनरची टर्म चार वर्षांची. प्रीसिंक्ट २ आणि ४ ची निवडणूक २०२२, २०२६ अशी होते आणि १ आणि ३ ची २०२४, २०२८ अशी. आता समजा तुम्ही प्रीसिंक्ट २ मध्ये होता, २०२२ ला मत दिलंत, २०२६ ची वाट बघत होता, आणि मध्येच रेष हलवून तुम्हाला १ मध्ये टाकलं. तर तुमची पुढची कमिशनरची निवडणूक थेट २०२८. चार वर्षांनी मिळणारं मत सहा वर्षांनी मिळणार, आणि तोपर्यंत तुमचा कमिशनर असा माणूस ज्याला निवडण्यात तुमचा काहीच सहभाग नव्हता. दहा वर्षांनी रेषा बदलतात तेव्हा पण काही जणांचं असं होतंच, ते टाळता येत नाही. पण गरज नसताना हे लोकांवर आणणं मला पटत नाही, मग ते कुठल्याही पक्षाने केलेलं असो.

प्रश्न : ज्यांची खुर्ची आहे तेच रेषा आखतात हे बरोबर आहे का? आणि चुकीचं केलं तर कोर्ट थांबवत नाही का? — शुगर लँड आणि अल्फारेटा इथून दोन पत्रं

राज्याराज्यात वेगळं आहे. टेक्ससमध्ये कमिशनर स्वतःच आखतात. जॉर्जियात काउंटी कमिशनच्या, म्हणजे तिथल्या बोर्डाच्या, रेषा राज्याचं विधिमंडळ कायदा करून ठरवतं, आणि कॉब काउंटीने २०२२ मध्ये तो नकाशा नाकारून स्वतःचा लागू करायचा प्रयत्न केला तर तिथल्या जजने २०२४ मध्ये सांगितलं की काउंटीला तो अधिकार नाही. व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्ससारख्या ठिकाणी नागरिकांची सल्लागार समिती असते पण शेवटचं मत बोर्डाचं. लॉस एंजेलिस काउंटीत मात्र सुपरवायझरांच्या हातातून हे काम पूर्ण काढून घेतलंय. तिथे १४ नागरिकांचं कमिशन आहे. अर्जांतून पात्र लोकांची यादी होते, त्यातले आठ जण चिठ्ठ्या काढल्यासारखे निवडतात आणि ते आठ जण उरलेले सहा निवडतात. २०२१ मध्ये ह्याच पद्धतीने एक कोटी लोकांच्या काउंटीचा नकाशा झाला. भांडणं झाली नाहीत असं नाही, रात्री उशिरापर्यंत मीटिंगा चालल्या, पण भांडण सगळ्यांसमोर झालं आणि आखणाऱ्यांपैकी कोणाची खुर्ची त्यात अडकलेली नव्हती. मला हीच पद्धत योग्य वाटते.

आता कोर्टाचं. फक्त राजकीय फायद्यासाठी रेषा वाकड्या केल्या अशी तक्रार असेल तर फेडरल कोर्टं ऐकत नाहीत, २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने ५-४ ने तसं ठरवलंय. काही राज्यांच्या स्वतःच्या कायद्यात मार्ग आहेत, काहींच्या नाहीत. वांशिक भेदभावाची तक्रार १९६५ च्या व्होटिंग राइट्स कायद्याखाली करता येत आलीय, पण तिथेही वाट अरुंद होत चाललीय आणि शुगर लँडच्या वाचकांना हे माहीत असलंच पाहिजे कारण ताजं उदाहरण त्यांच्या जवळचं आहे.

गॅल्व्हस्टन काउंटीचा प्रीसिंक्ट ३ हा एकच प्रीसिंक्ट असा होता जिथे ब्लॅक आणि लॅटिनो मतदार मिळून बहुसंख्य होते. २०२१ च्या नकाशात तो फोडून चारीकडे वाटून टाकला. २०२३ मध्ये फेडरल जजने पुरावे बघून हे बेकायदेशीर ठरवलं. मग केस पाचव्या सर्किटच्या अपील कोर्टात गेली, जे टेक्सस, लुइझियाना आणि मिसिसिपी बघतं, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या पूर्ण बेंचने १२-६ ने सांगितलं की दोन वेगळे अल्पसंख्य समाज एकत्र मोजून ह्या कायद्याखाली दावा करता येणार नाही. आधी, १९८८ पासून, त्याच कोर्टात असा एकत्र दावा चालत होता.

आपल्यासाठी ह्याचा अर्थ सरळ आहे. आपण कुठल्याही काउंटीत एकटे बहुसंख्य नाही, शेजाऱ्यांबरोबर मिळूनच काही होऊ शकतं, आणि तीन राज्यांत एकत्र येऊन ह्या कायद्याखाली कोर्टात जायचा रस्ता बंद झालाय. म्हणजे नकाशा पास झाल्यावर वकील शोधण्यापेक्षा पास व्हायच्या आधी हिअरिंगला जाणं जास्त उपयोगाचं आहे. मला ह्याचं वाईट वाटतं, लोकांनी कोर्टाचा दरवाजा मिळवायला आयुष्यं घातली होती, पण आज परिस्थिती अशी आहे.

प्रश्न : मी डेटामध्ये काम करतो, सेन्ससचा ब्लॉक लेव्हल डेटा उतरवून घेतला तर एका ब्लॉकमध्ये सगळी घरं रिकामी आणि माणसं चौदा! ह्यावर नकाशे काढतात? — कॅरी, नॉर्थ कॅरोलायना

डेटा बिघडलेला नाही, मुद्दाम तसं केलंय. ब्लॉक म्हणजे सेन्ससचा सगळ्यात छोटा भाग, आणि एखाद्या ब्लॉकमध्ये दोनच घरं असली तर कोण राहतं, कुठल्या वंशाचं, वय काय हे शोधून काढता येईल म्हणून २०२० मध्ये सेन्सस ब्युरोने डिफरन्शियल प्रायव्हसी वापरून छोट्या आकड्यांत थोडा गोंधळ मिसळला. राज्याची एकूण लोकसंख्या जशीच्या तशी ठेवली, ब्लॉकमधल्या घरांची संख्या पण खरी ठेवली, पण त्यातली किती भरलेली आणि तिथे माणसं किती हे कमीजास्त होऊ शकतं, म्हणून तुम्हाला असं चित्र दिसलं. हजारो ब्लॉक एकत्र करून डिस्ट्रिक्ट बनतो तेव्हा हे चढउतार बरेचसे एकमेकांना खाऊन टाकतात. तुम्हाला हौस आहे तर डेव्हज रिडिस्ट्रिक्टिंग किंवा डिस्ट्रिक्टर ह्या नकाशे काढायच्या वेबसाइट वापरून बघा, दोन्ही फुकट आहेत, तुमच्या काउंटीचा नकाशा स्वतः काढा आणि फरक १० टक्क्यांच्या आत बसवताना किती वेळा शेजारचं गाव मध्ये येतं ते अनुभवा. बऱ्याच काउंट्या लोकांनी काढलेले नकाशे रेकॉर्डवर घेतात. तुमच्यासारखे लोक पुढे आले पाहिजेत, आपल्याकडे एवढे डेटावाले आहेत आणि ह्या कामात मात्र एखादाच दिसतो.

प्रश्न : पुढचा सेन्सस २०३० ला. आत्तापासून काय करणार? — अर्व्हाइन, कॅलिफोर्निया

बरंच काही, आणि काही गोष्टी आत्ताच केल्या नाहीत तर तेव्हा उशीर झालेला असेल. लॉस एंजेलिसचं कमिशन सांगितलं ना वर, त्यात बसायचं असेल तर काउंटीत सलग पाच वर्षं एकाच पक्षाचे किंवा कुठल्याच पक्षाचे नसलेले मतदार म्हणून नोंद लागते. म्हणजे नागरिकत्व मिळाल्यावर मतदार नोंदणी पुढे ढकलली तर २०३१ च्या कमिशनसाठी तुमचा अर्जच बसणार नाही. तिथे २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मेझर जी हा प्रस्ताव मतदारांनी पास केला, त्यामुळे पुढच्या सेन्ससनंतर पाचाऐवजी नऊ सुपरवायझर होणार आहेत आणि सगळ्या रेषा नव्याने पडणार आहेत. तुम्ही तिथून एक काउंटी खाली, ऑरेंजमध्ये आहात, तिथली पद्धत वेगळी, क्लार्कच्या ऑफिसला ईमेल करून विचारा.

सेन्सस डे १ एप्रिल २०३० आणि कायद्याने रिडिस्ट्रिक्टिंगचा डेटा वर्षभरात राज्यांना द्यावा लागतो. मागच्या वेळी कोव्हिडमुळे तो २०२१ च्या ऑगस्टमध्ये आला आणि काउंट्यांना सगळं काम काही महिन्यांत उरकावं लागलं, हिअरिंग घाईघाईत झाल्या, लोकांना पत्ताच लागला नाही. २०३१ मध्ये थोडा जास्त वेळ मिळेल. तोपर्यंत आपल्या बोर्डाची एक तरी मीटिंग बघा, आपला सुपरवायझर कोण ते शोधा, आणि शेजारच्या वस्तीतल्या लोकांशी ओळख करा, त्यांची भाषा वेगळी असली तरी बस तीच आहे. सेन्ससच्या वेळी बेसमेंटमध्ये भाड्याने राहणारं जोडपं, एका फ्लॅटमध्ये चौघं मिळून राहणारी पोरं, नुकतं झालेलं बाळ, ह्यांना मोजायला विसरू नका, हीच माणसं दर वेळी सुटतात. एका घरात दोन कुटुंबं असतील तर फॉर्म कोण भरणार ते आधी ठरवा आणि त्यावर सगळ्यांची नावं घाला.

पुढच्या अंकासाठी काउंटीच्या बजेटबद्दलचे प्रश्न घेतेय, पत्रात काउंटीचं नाव नक्की लिहा.